दोन आज्यांचा फोन: मलाय आणि पांगासिनान यांच्यात रोजची वाक्यं कशी न्यावीत

मलेशियात क्लांगला आमच्या शेजारी एक मलाय आजी राहते. मलायमध्ये आजीला ‘नेनेक’ म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. तिला सांभाळायला एक फिलिपिनो बाई आहे, पांगासिनान प्रांतातल्या कालासियाओची. (हे गाव पुतोसाठी प्रसिद्ध. पुतो म्हणजे तांदळाचा वाफवलेला छोटासा गोळा, इडलीची धाकटी बहीण म्हणा.) दर रविवारी दुपारी तिच्या आईचा व्हिडिओ कॉल येतो. मुलगी स्वयंपाकघरात असते, मग फोन नेनेकच्या हातात. इकडच्या आजीला फक्त मलाय, तिकडच्या आजीला पांगासिनान आणि थोडी तागालोग. दोघी हसतात, हात हलवतात, आणि मग अडतं. त्या दोघींसाठी वाक्यांच्या चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. तिकडची आजी ताट घेऊन कॅमेऱ्यासमोर बसली आणि म्हणाली, ‘माङान तिला!’ मुलीनं मला आतूनच इंग्रजीत सांगितलं की आई म्हणते, वी आर ईटिंग नाऊ. मी नेनेकला मलायमध्ये सांगितलं, ‘कामी नाक माकान.’ नेनेकनं मान हलवली, हात हलवला आणि फोन ठेवून दिला. तिला वाटलं, त्यांची जेवायची वेळ झाली, आपण अडवू नये. तिकडची आजी तर म्हणत होती, ‘चला, आपण जेवू या!’ तिनं नेनेकसाठीही थाळी मांडून ठेवली होती, फोनच्या समोर.

चूक इंग्रजीच्या ‘वी’नं केली. मी मनात मराठी आणली असती तर झाली नसती, कारण आपल्याकडे ‘आम्ही’ वेगळं आणि ‘आपण’ वेगळं. त्या दिवसापासून मी चिठ्ठी आधी मराठीत लिहिते, मग दोन्हीकडे नेते. पुढे जे लिहिलंय ते याच सवयीतून आलंय.

आधी समोरची भाषा नक्की कोणती ते बघा

पांगासिनान प्रांत लुझोन बेटाच्या वायव्येला, लिंगायेनच्या आखाताला लागून आहे. राजधानीचं नावही लिंगायेन. पण त्या प्रांतातला माणूस म्हणजे पांगासिनान बोलणारा, असं धरू नका. तिथे इलोकानो बोलणारेही भरपूर, शिवाय बोलिनाओसारखी वेगळी भाषा आहे. शाळेत आणि टीव्हीवर तागालोगवर उभी असलेली फिलिपिनो. ओळखायला एक सोपी युक्ती म्हणजे ‘सुप्रभात’ म्हणायला सांगा. पांगासिनान असेल तर ‘माआबिग या काबुआसान’, इलोकानो असेल तर ‘नाइंबाग आ बिगात’, तागालोग असेल तर ‘मागान्दाङ उमागा’.

मलायच्या बाजूलाही हे बघावं लागतं. मलेशियात आठला ‘लापान’ म्हणतात, इंडोनेशियात ‘देलापान’. मी इथे मलेशियातली घरगुती मलाय धरली आहे. तिच्यात ‘तिदाक’चं (नाही) ‘ताक’ होतं आणि ‘हेन्दाक’चं (हवं, करायचंय) ‘नाक’.

कान आणि लिपी

देवनागरीत लिहून ठेवताना तीन जागा सांभाळाव्या लागतात.

पहिली म्हणजे ङ. आपण वर्णमालेत म्हणतो आणि सोडून देतो, पण पांगासिनानमध्ये तो शब्दाच्या सुरुवातीला येतो. नाव म्हणजे ‘ङारान’. ‘आन्तोय ङारान मो?’ म्हणजे ‘तुझं नाव काय?’ ‘नारान’ म्हटलंत तर समोरचा दोनदा विचारेल. ‘गंगा’ म्हणताना ग च्या आधी नाकात जो आवाज अडकतो तोच सुटा काढायचा.

दुसरी म्हणजे मधला ए. चार या अर्थी मलायमधला ‘एम्पात’ लिहिताना ए लागतो, पण उच्चार आपल्या अ च्या जवळचा, जवळजवळ ‘अम्पात’. पांगासिनानमधल्या मूळ शब्दांतला ए देखील असाच दबका असतो. ‘बेलास’ (तांदूळ) वाचताना ‘बेल’ नव्हे, ‘बल’कडे झुका.

तिसरी, मलायमधला शेवटचा क. ‘काकाक’, ‘नाक’, ‘ताक’ यांतला शेवटचा क गिळला जातो, घशात झटक्यात थांबतो. पांगासिनानमध्ये तसं गिळू नका. तिथे शेवटच्या क ला बऱ्याचदा ‘माझं’ असा अर्थ असतो. ‘उलो’ म्हणजे डोकं आणि ‘उलोक’ म्हणजे माझं डोकं.

‘आम्ही’ की ‘आपण’, हे कागदावर आधी लिहा

मलायमध्ये ‘कामी’ म्हणजे आम्ही, ‘किता’ म्हणजे आपण. पांगासिनानमध्ये ‘कामी’ म्हणजे आम्हीच, आणि आपण म्हणजे ‘तायो’. त्यापुढे ‘ला’ लागला की दोन्ही मिळून ‘तिला’ होतं. हा ‘ला’ म्हणजे ‘आता, झालं’ अशा अर्थाचा छोटा शब्द. म्हणून:

‘माङान कामी ला’ – आम्ही आता जेवतो – मलायमध्ये ‘कामी नाक माकान दाह’
‘माङान तिला’ – चला, आपण जेवू – मलायमध्ये ‘जोम किता माकान’

पांगासिनान इथे मराठीच्याही पुढे जाते. ‘ता’ म्हणजे फक्त मी आणि तू, दोघंच. ‘माङान ता ला’ म्हटलं तर टेबलावरच्या बाकीच्यांना आमंत्रण नाही. त्या दिवशी कालासियाओच्या आजीनं ‘ता’ न वापरता ‘तायो’चं रूप वापरलं, म्हणजे तिच्या पंगतीत तिकडची नातवंडंही होती आणि नेनेकही. मलायमध्ये हा फरक शब्दात उतरत नाही. गरज असेल तर ‘किता बेर्दुआ’, आपण दोघं, असं वेगळं म्हणावं लागतं.

एक सावधगिरी. मराठीत ‘आपण’ आदरानंही वापरतो, ‘आपण कुठले?’ अशा अर्थानं. तो ‘आपण’ या हिशेबात धरू नका.

समोरच्याला काय म्हणायचं

मोठ्यांशी बोलताना पांगासिनान अगदी आपल्यासारखी वागते. एका माणसालाही अनेकवचन. ‘का’ म्हणजे तू, ‘कायो’ म्हणजे तुम्ही, आणि ‘तुझं’च्या जागी ‘मो’, ‘तुमचं’च्या जागी ‘यो’. ‘कुमुस्ता कायो?’ म्हणजे कशा आहात? (हा ‘कुमुस्ता’ स्पॅनिश लोक ठेवून गेले.)

मलायला अनेकवचनाचा हा मार्ग नाही. तिथे ‘आन्दा’ हा आदराचा शब्द आहे खरा, पण तो फॉर्मवर, जाहिरातीत, अनोळखी गर्दीला. म्हाताऱ्या बाईला ‘आन्दा’ म्हटलं तर बँकेचं पत्र वाचल्यासारखं वाटतं. घरात सर्वनाम टाळतात आणि नातं लावतात: माकचिक (मावशी), पाकचिक (काका), काकाक (ताई, हाकेत नुसतं ‘काक’), आबाङ (दादा). आपण रिक्षावाल्याला दादा आणि भाजीवालीला मावशी म्हणतो त्याच चालीनं. म्हणून ‘कायो’चं भाषांतर बहुतेक वेळा सर्वनाम नसून नातं असतं: ‘कुमुस्ता कायो?’ इकडे येताना ‘आपा खाबार, काक?’ होतं. ‘आपा खाबार’ आपल्याला परकं वाटायचं कारण नाही, त्यात आपलीच ‘खबर’ बसली आहे.

पांगासिनानमध्येही नाती लावतात. मोठी बहीण ‘आत्सी’, मोठा भाऊ ‘कुया’, आजोबा ‘लाकी’ आणि आजी ‘बाई’. ‘बाई’ वाचून मराठी माणूस गडबडतो, ते साहजिक आहे. ‘लाकी’ मात्र मलाय माणसाला गडबडवतो, कारण बोलीभाषेत मलायमधला ‘लाकी’ म्हणजे नवरा. मुलीनं एकदा आजोबांचा फोटो दाखवून ‘लाकी’ म्हटलं आणि नेनेकनं आधी फोटोकडे, मग तिच्याकडे पाहिलं.

जेवलात का, कुठे निघालात

अशा वाक्यांत शब्द नेऊ नका, प्रसंग न्या. सुदैवानं तिन्ही भाषांमध्ये माणसं तेच विचारतात.

‘जेवलात का?’ मलायमध्ये ‘सुदाह माकान?’, बोलताना ‘दाह माकान?’ पांगासिनानमध्ये ‘आकापाङान किला?’ (‘कायो ला’ मिळून ‘किला’.) उत्तर ‘हो’ असेल तर मलाय ‘सुदाह’, पांगासिनान ‘ओन’. अजून नसेल तर मलायमध्ये एकच शब्द पुरतो, ‘बेलुम’. पांगासिनानमध्ये ‘आगाक नि आकापाङान’, म्हणजे ‘मी अजून जेवले नाही’.

‘कुठे निघालात?’ मलाय ‘नाक पेर्गी माना?’, पांगासिनान ‘इनेर सो लाएन यो?’ याला खरं उत्तर द्यायची गरज नसते. ‘के पासार’ किंवा ‘दिआद तिंदाआन’, म्हणजे बाजारात, एवढं पुरे. इथे एक फरक लक्षात ठेवा. मलाय ‘दि’ (मध्ये), ‘के’ (ला, कडे) आणि ‘दारी’ (हून) असे तीन वेगळे शब्द वापरते, तर पांगासिनानचा ‘दिआद’ जागा आणि दिशा दोन्हींना चालतो. तिकडून इकडे येताना क्रियापद बघून ठरवावं लागतं.

आभाराचा शब्द फसवा आहे. पांगासिनानमध्ये ‘सालामात’ म्हणजे धन्यवाद. मलायमध्ये ‘सेलामात’ म्हणजे सुखरूप, आणि तो शुभेच्छांच्या पुढे लागतो: ‘सेलामात पागी’, शुभ सकाळ. दोन्हींचं मूळ अरबी, आपल्या ‘सहीसलामत’मधलं. तेव्हा तिकडचा ‘सालामात’ इकडे ‘तेरिमा कासिह’ होतो आणि इकडचा ‘सेलामात पागी’ तिकडे ‘माआबिग या काबुआसान’. दुपारी ‘माआबिग या उग्तो’, दुपार कलल्यावर ‘माआबिग या ङारेम’, रात्री ‘माआबिग या लाबी’. आभाराला उत्तर मलायमध्ये ‘सामा-सामा’, पांगासिनानमध्ये ‘आङ्गापोय आङ्गामान’. हे दुसरं अगदी आपल्या ‘काही नाही हो, त्यात काय’च्या जातीचं.

निरोप घेताना मलायमध्ये जाणारा म्हणतो ‘सेलामात तिङ्गाल’ आणि राहणारा म्हणतो ‘सेलामात जालान’. फोनवर कोणी कुठे जात नाही, म्हणून तिथे ‘जुम्पा लागी’, पुन्हा भेटू, बरं. पांगासिनानमध्ये घरी निघालेला माणूस ‘ओन्सेम्पेत आक ला’ म्हणतो. त्याचं मराठी मी ‘जाते’ असं न करता ‘येते’ असं करते, आणि मलायमध्ये ‘बालिक दुलु या’.

‘नाही’ची पाच खाती

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून सावकाश. मराठीत नाही, नव्हे, नको, अजून नाही असे वेगळे रस्ते आहेत. दोन्ही भाषांतही आहेत.

क्रिया नाकारायची असेल तर मलायमध्ये ‘तिदाक’ किंवा ‘ताक’, पांगासिनानमध्ये ‘आग’. मला माहीत नाही: ‘साया ताक ताहु’, तिकडे ‘आग्को आम्ता’. समजलं नाही: ‘साया ताक फाहाम’, तिकडे ‘आग्को नातालोसान’.

वस्तू किंवा ओळख नाकारायची, म्हणजे आपलं ‘नव्हे’: मलाय ‘बुकान’, पांगासिनान ‘आलिवा’. ही माझी मुलगी नव्हे, सून आहे, असं सांगताना इथे ‘ताक’ आला की मलाय कान लगेच टवकारतात.

असण्याला नकार, म्हणजे घरात साखर नाही: मलाय ‘ताक आदा’, पांगासिनान ‘आङ्गापो’.

नको: मलाय ‘ताक नाक’, पांगासिनान ‘आग्को लाबाय’. हवं असेल तर ‘लाबाय को’. याची बांधणी मराठीच्या मनाला पटकन बसते. ‘साया नाक आएर’मध्ये मलाय माणूस पाणी ‘मागतो’. ‘लाबाय को सो दानुम’मध्ये आपल्या ‘मला पाणी हवं’सारखी इच्छा पुढे आणि माणूस तिच्या मागे असतो.

करू नको: मलायचा खास शब्द ‘जाङान’. पांगासिनान इथेही ‘आग’च वापरते, पुढे ‘का’ किंवा ‘कायो’ लावून. तेव्हा तिकडच्या वाक्यात ‘आग कायो’ ऐकलंत की थांबा. ते ‘तुम्ही करत नाही’ आहे की ‘करू नका’ आहे, ते प्रसंगावरून ठरवा आणि मगच ‘ताक’ की ‘जाङान’ ते लिहा.

आणखी एक खोड. पांगासिनानची छोटी सर्वनामं वाक्यात दुसऱ्या जागी बसतात. ‘माङान आक’ म्हणजे मी जेवते. पण नकार आला की ‘आक’ उडी मारून त्याच्या मागे जातं: ‘आग आक माङान’. जोडून म्हटलं की ‘आगाक’. वर ‘आगाक नि आकापाङान’ आलं ते असंच.

क्रियापद कुठे आणि कोणाचं

मराठीत क्रियापद शेवटी, मलायमध्ये मधे, पांगासिनानमध्ये सुरुवातीला. मी भात खाते, साया माकान नासी, माङान आक. एवढं तर कोणीही सांगेल. खरी गंमत पुढे आहे.

मराठीत ‘मी जेवले’ म्हणताना क्रियापद माझ्या मागे येतं, पण ‘मी केळं खाल्लं’ म्हटलं की ते मला सोडून केळ्याच्या मागे जातं. पांगासिनानमध्ये ही निवड फक्त भूतकाळापुरती नाही, सगळीकडे करावी लागते. ‘माङान आक ना पोन्ती’: मी केळं खाते, कुठलंतरी एक. ‘किनान को माय पोन्ती’: ते केळं मी खाल्लं. दुसऱ्यात केळं ठरलेलं आहे, वाक्य त्याच्याबद्दल आहे, आणि ‘मी’चा ‘आक’ जाऊन ‘को’ येतो. पुढे खाणार असाल तरी ‘कानेन को माय पोन्ती’.

मलायमध्ये हे क्रियापदाच्या रूपानं न करता जागा बदलून करतात. ‘साया माकान पिसाङ’ म्हणजे केळं खाल्लं. ‘पिसाङ इतु साया दाह माकान’ म्हणजे ते केळं मी खाल्लं. म्हणून माझा नियम असा: पांगासिनानमध्ये ‘को’ आणि ‘माय’ दिसले की मलायमध्ये वस्तू उचलून पुढे ठेवा आणि तिच्यामागे ‘इतु’ लावा.

नेनेकच्या घरातलं रोजचं उदाहरण औषधाचं. ‘इनिनोम को ला माय ताम्बाल’, ते औषध मी घेतलं. शब्दशः बघाल तर तिकडे औषध ‘पितात’, गोळी असली तरी. मलायमध्ये औषध ‘खातात’: ‘उबात इतु साया दाह माकान’. आपण नुसतं ‘घेतो’. कोणी पिण्याचं भाषांतर ‘मिनुम’ करून मोकळं झालं तर नेनेक बाटलीतलं सिरप शोधत बसते.

काळाचं पांगासिनानमध्ये थोडक्यात एवढं लक्षात ठेवा: पुढे ‘आका’ लागलं की झालंय, होऊन चुकलंय. मलाय क्रियापदाला हात लावत नाही, बाजूला ‘सुदाह’ किंवा ‘नाक’ ठेवते.

ओळखीचे वाटणारे शब्द

दोन्ही भाषा एकाच मोठ्या कुळातल्या, त्यामुळे पुष्कळ शब्द भेटतात. माता (डोळा), लिमा (पाच), बुलान (चंद्र), साकित (दुखणं) जवळजवळ जसेच्या तसे. ‘आन्साकित सो उलोक’ ऐकून नेनेकला कळलं की काहीतरी दुखतंय, फक्त काय ते कळेना, कारण मलायमध्ये डोकं ‘केपाला’. डुकराला तिकडे ‘बाबोय’ आणि इकडे ‘बाबी’. तिकडच्या आजीनं एकदा सणाचा बेत सांगितला तेव्हा नेनेकला कोणी भाषांतर करून द्यावं लागलं नाही.

काही अक्षरं शिस्तीत बदलतात. मलायचा र अनेक जुन्या शब्दांत पांगासिनानमध्ये ल होतो: तांदूळ बेरास–बेलास, नवं बारु–बालो, रक्त दाराह–दाला, शंभराचं माप रातुस–लासुस. मलायचा ज तिकडे द किंवा र होतो: रस्ता जालान–दालान, पाऊस हुजान–उरान. अंदाज बांधायला हे छान, पण चिठ्ठीवर लिहिण्याआधी विचारून घ्या, कारण रूप मिळालं तरी अर्थ सरकलेला असतो. मलायमध्ये ‘बालाय’ म्हणजे सरकारी ठाणं किंवा सभागृह, पांगासिनानमध्ये ‘बालेय’ म्हणजे गाव. मलाय ‘आसिन’ म्हणजे खारट, पांगासिनान ‘आसिन’ म्हणजे मीठच, आणि प्रांताचं नावही त्यावरूनच: मीठ पिकवण्याची जागा.

आकड्यांत दोन आणि पाच सारखे, चार आणि सहा जवळचे, बाकी तीन, सात, आठ, नऊ अजिबात जुळत नाहीत (तिगा–तालो, तुजुह–पितो, लापान–वालो, सेम्बिलान–सियाम). मोजताना मलाय वस्तूप्रमाणे शब्द जोडते: माणसांना ‘ओराङ’, जनावरांना ‘एकोर’, म्हणजे शेपूट. पांगासिनान आकड्यालाच ‘रा’ किंवा ‘इरा’ लावते. ‘पिगारा सो आनाक यो?’, मुलं किती तुम्हाला? ‘लिमारा.’ मलायमध्ये ‘लिमा ओराङ’. हा प्रश्न दोघी आज्यांनी पहिल्याच कॉलमध्ये चिठ्ठीशिवाय सोडवला, बोटांवर.

घड्याळाची वेळ पांगासिनानमध्ये स्पॅनिश आकड्यांत सांगतात, ‘आलास ओत्सो’. मलायमध्ये ‘पुकुल लापान’, म्हणजे आठचा ठोका. आपल्या ‘आठ वाजले’ला अगदी चिकटून.

चिठ्ठी तपासायची कशी

गूगल ट्रान्सलेटनं जून २०२४ मध्ये ११० भाषा वाढवल्या, त्यात पांगासिनान आहे. वापरा, पण एक परीक्षा घेऊन. मलायमध्ये एकदा ‘कामी’ आणि एकदा ‘किता’ घालून तेच वाक्य द्या. तिकडे दोन्हींना एकच उत्तर आलं तर समजा, मधे कुठेतरी इंग्रजीचा ‘वी’ बसला आहे. शब्दासाठी रिचर्ड बेंटन यांचा हवाई विद्यापीठानं १९७१ मध्ये काढलेला पांगासिनान शब्दकोश अजून कामाला येतो. मलायसाठी देवान बाहासा दान पुस्ताका या संस्थेचा कोश.

मग माणसाकडून तपासा. मी चिठ्ठी मुलीला दाखवते, पण ‘बरोबर आहे का?’ असं विचारत नाही. त्याला सगळे ‘हो’ म्हणतात. मी विचारते, ‘हे तुझ्या आईला कोण म्हणेल, आणि कधी?’ तिनं ‘पाद्री म्हणेल’ असं सांगितलं की वाक्य बदलते. नंतर तिच्या आवाजात रेकॉर्ड करून घेते, कारण कागदावरचा ङ नेनेकला वाचता येत नाही.

एकतीस डिसेंबरची चिठ्ठी मी फार हौसेनं केली होती. नेनेकला वाचता यावं म्हणून रोमन लिपीत, मोठ्या अक्षरात: ‘मालिकेत या बालोन ताओन’. खाली अर्थ, ‘सेलामात ताहुन बारु’. मलायमध्ये ‘वर्ष’ आधी, ‘नवं’ नंतर. पांगासिनानमध्ये उलट, आणि मधे जोडायला ‘बालो’ला चिकटलेला न. संध्याकाळी गेले तेव्हा चिठ्ठी फ्रिजवर होती. नेनेकनं पेन घेऊन ‘ताओन’ खोडून ‘ताहुन’ केलं होतं आणि ‘बालोन’ खोडून ‘बारु’. मला म्हणाली, इतकी वर्षं इथे राहतेस आणि अजून स्पेलिंग चुकतं तुझं.